नॅनो पॅक्लिटॅक्सेल आणि ०.२२ मायक्रॉनची गाळणी: फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ७१ वर्षांचा पुरुष, राहणार भांडुप, मूळ गाव चिपळूणजवळ. विडीची जुनी सवय, आता बंद. मधुमेह चौदा वर्षांचा, उपचारापूर्वीचे एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) ८.९ टक्के. सुरुवातीची तक्रार खोकला आणि थुंकीतून रक्त. मुंबईत एक्स-रेवर फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळीसारखा डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. मात्र इथे थुंकीत जंतू सापडले नव्हते, सीबीनॅट ही क्षयजंतूंची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह होती, तरी क्षयाच्या गोळ्या अडीच महिने चालू राहिल्या. डाग कमी होण्याऐवजी वाढला तेव्हा सीटी आणि बायोप्सी झाली. निदान: स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, पी४० पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह (या प्रकाराला दुजोरा देणाऱ्या पेशींवरच्या खुणा). उजवीकडे ६.८ सेंमीची गाठ, डाव्या फुफ्फुसात १.४ सेंमीची दुसरी. म्हणजे चौथी अवस्था.

(हा रुग्ण शिकवण्यासाठी रचला आहे, कोणा एका व्यक्तीची ही हकीकत नाही. मात्र औषधाचे गुणधर्म, मात्रा आणि चाचण्यांचे आकडे खरे आहेत, आणि इथे घडणारी गफलत कोणत्याही डे-केअरमध्ये (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या विभागात) घडू शकते अशीच आहे.)

या आजारात आजची पहिली पसंती कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेल (अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात बांधलेले पॅक्लिटॅक्सेल) ही केमोची औषधे आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे औषध) अशी आहे. ५५९ रुग्णांच्या चाचणीत इम्युनोथेरपी जोडल्याने आयुष्य वाढते हे स्पष्ट दिसले. या घराला तो खर्च झेपणारा नव्हता. ते पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलले गेले, फाइलमध्ये लिहिले गेले, आणि उरलेला प्रश्न असा झाला: कार्बोप्लॅटिनबरोबर साधे पॅक्लिटॅक्सेल द्यायचे की अल्ब्युमिनच्या कणांत बांधलेले?

कणांत बांधल्याने बदलते काय

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून साध्या इंजेक्शनात ते क्रिमोफोर नावाच्या एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. रुग्णाला होणारा बराचसा त्रास या द्रावकाचा असतो. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ॲव्हिल आणि रॅनिटिडीन किंवा फॅमोटिडीन द्यावे लागते. ड्रिप तीन तास चालते. क्रिमोफोर पीव्हीसीच्या नळीतून प्लास्टिक मऊ करणारे रसायन ओढून घेते, म्हणून सेट वेगळा लागतो. आणि द्रावणात बारीक स्फटिक पडू शकतात, म्हणून वाटेत ०.२२ मायक्रॉनची गाळणी लावतात. ही गाळणी पुढे महत्त्वाची ठरते.

नॅब-पॅक्लिटॅक्सेलमध्ये द्रावक नाही. औषध मानवी अल्ब्युमिनबरोबर सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. १०० मिग्रॅ औषधाच्या एका वायलमध्ये साधारण ९०० मिग्रॅ अल्ब्युमिन असते. हे अल्ब्युमिन मानवी रक्तापासून मिळवतात. काही कुटुंबांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची असते, म्हणून संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगावी.

जाहिरातीत आणि बातम्यांत ‘नॅनोकण थेट गाठीत जाऊन औषध सोडतात’ असे लिहिलेले असते. नातेवाईक तेच वाचून येतात. खरे चित्र साधे आहे. हे कण रक्तात मिसळून पातळ झाले की लवकरच सुटतात आणि औषध अल्ब्युमिनला चिकटून फिरते. अल्ब्युमिनला रक्तवाहिनीच्या अस्तरातून पलीकडे नेणारी यंत्रणा शरीरात आहे आणि तिचा काही फायदा मिळत असावा. पण गाठीतले एक विशिष्ट प्रथिन हे औषध धरून ठेवते या कल्पनेला रुग्णांवरच्या चाचण्यांत भक्कम आधार मिळाला नाही. एकूणच नॅनोकणांबद्दल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांतून निघालेला मध्यक (निम्मे आकडे याच्या खाली, निम्मे वर) असा होता: टोचलेल्या मात्रेपैकी ०.७ टक्के गाठीपर्यंत पोहोचते. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. म्हणून आमच्या मते रुग्णाच्या घरच्यांना सांगण्यासारखे वाक्य हेच: औषध तेच आहे, त्याचे त्रासदायक द्रावक काढले आहे.

द्रावक काढल्याचा हिशेब १०५२ रुग्णांच्या चाचणीतून मांडता येतो. तिच्यात कार्बोप्लॅटिनबरोबर नॅब विरुद्ध साधे पॅक्लिटॅक्सेल अशी तुलना होती; पुढच्या आकड्यांत पहिला नॅबचा, दुसरा साध्याचा. तिच्या आधारे ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत नॅबला फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. गाठ लक्षणीय लहान होण्याचे प्रमाण एकूण रुग्णांत ३३ टक्के विरुद्ध २५ टक्के होते. स्क्वॅमस प्रकारात ते ४१ विरुद्ध २४ टक्के. आयुष्यात मात्र ठळक फरक पडला नाही: मध्यक १२.१ महिने विरुद्ध ११.२. तीव्र बधिरता ३ टक्के विरुद्ध १२ टक्के, म्हणजे बरीच कमी. तीव्र रक्तक्षय उलट २७ टक्के विरुद्ध ७ टक्के. सत्तरीपुढच्यांचा गट छोटा होता, तरी त्यात नॅबच्या बाजूने फरक मोठा दिसला.

स्क्वॅमस प्रकार, वय ७१, जुना मधुमेह, तळपायाला आधीच हलक्या मुंग्या. या रुग्णाच्या बाबतीत चारही गोष्टी नॅबच्या बाजूने होत्या. हाच आजार पन्नाशीतल्या, साखर नसलेल्या माणसाला असता आणि पैशांची ओढ असती, तर साधे पॅक्लिटॅक्सेल देण्यात काही कमीपणा नव्हता. ज्याला फरक पडणार नाही त्याच्या घरच्यांना केवळ ‘नॅनो’ या नावाखातर कर्जात ढकलू नये.

मात्रेचा हिशेब

उंची १६२ सेंमी, वजन ५४ किलो, म्हणून शरीराचे क्षेत्रफळ १.५६ चौरस मीटर. फुफ्फुसासाठी नॅब-पॅक्लिटॅक्सेलची मात्रा प्रति चौरस मीटर १०० मिग्रॅ, २१ दिवसांच्या सायकलमध्ये पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. म्हणजे दर वेळी १५६ मिग्रॅ. दोन वायल लागतात आणि ४४ मिग्रॅ उरते. एकाच दिवशी दोन-तीन रुग्ण ठेवून, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, रुग्णालयाच्या नियमात बसत असेल तर उरलेले वापरता येते. डे-केअरच्या तारखा देणाऱ्या माणसाला हे माहीत असले तर कित्येक कुटुंबांचा पैसा वाचतो.

कार्बोप्लॅटिनसाठी क्रिएटिनीन १.१ धरून काढलेला क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) मिनिटाला ४७ मिली. कॅल्व्हर्टच्या सूत्राने एयूसी (रक्तात औषध एकूण किती राहावे याचे लक्ष्य) ६ साठी ६ × (४७ + २५) = ४३२ मिग्रॅ, एयूसी ५ साठी ३६० मिग्रॅ. मूळ चाचणीत ६ होते. इथे वय आणि रक्तक्षयाचा धोका पाहून ५ घेतले. पहिल्या दिवशी नॅब संपले की लगेच कार्बोप्लॅटिन.

‘नॅबला स्टेरॉइड लागत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ॲलर्जी टाळण्यासाठी लागत नाही. पण पहिल्या दिवशी सोबत कार्बोप्लॅटिन आहे आणि त्याच्या उलटीसाठी डेक्सामेथासोन नेहमीच्या यादीत असतेच. तेव्हा पहिल्या दिवशी मात्रा कमीत कमी ठेवणे, दुसऱ्या दिवसापासूनचे डोस गाळणे आणि रात्री ओलान्झापिन २.५ मिग्रॅ चार दिवस देणे, असा मार्ग निवडला. या छोट्या मात्रेला मुंबईचाच आधार आहे: टाटा मेमोरियलने केलेल्या चाचणीत २.५ मिग्रॅ ही मात्रा १० मिग्रॅपेक्षा कमी पडली नाही आणि गुंगी कमी आली. आठव्या आणि पंधराव्या दिवशी कार्बोप्लॅटिन नसल्याने स्टेरॉइडची गरजच उरत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला खरा लाभ इथे मिळतो. साधे पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला दिले असते तर स्टेरॉइडमुळे दर आठवड्याला साखर उसळली असती.

पहिला दिवस: काय बिघडले

चिठ्ठीवर ‘पॅक्लिटॅक्सेल १५६ मिग्रॅ’ एवढेच लिहिले होते. औषध नातेवाईकांनी परळच्या दुकानातून आणले आणि सुदैवाने योग्य आणले. ते साधे निघाले असते तरी डब्यावरचे मोठ्या अक्षरातले नाव जवळपास सारखेच दिसले असते. ओळखायची खूण वायलमध्येच असते. साधे पॅक्लिटॅक्सेल म्हणजे स्वच्छ, किंचित पिवळसर, दाट द्रव. नॅब म्हणजे पांढरट-पिवळसर कोरडी वडी, जी सलाईन घातल्यावर दुधाळ होते. साधे औषध दुधाळ झाले तर ते फेकायचे, आणि नॅब दुधाळ झाले नाही तर हात थांबवायचा.

भारतात लिपिड आणि पॉलिमरच्या कणांत बांधलेली पॅक्लिटॅक्सेलही मिळतात. ती सगळी ‘नॅनो’ असली तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. औषध पोहोचवण्याची नवी पद्धत आली की ते औषध नवेच मानायचे, असे २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. दुकानदार ‘हेही तेच आहे’ म्हणाला तरी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदल स्वीकारू नये.

मिसळण्याची रीत अशी. प्रत्येक वायलमध्ये २० मिली नॉर्मल सलाईन, किमान एक मिनिट घेऊन, सुईची धार काचेच्या भिंतीवर धरून सोडायचे. थेट वडीवर मारले की फेस होतो. मग पाच मिनिटे वायल स्थिर ठेवायची, म्हणजे वडी नीट भिजते. त्यानंतर दोन मिनिटे हलकेच फिरवायची किंवा उलटसुलट करायची. हलवून हलवून विरघळवायचे नाही. फेस झालाच तर पंधरा मिनिटे थांबायचे. आता एका मिलीत ५ मिग्रॅ औषध आहे. १५६ मिग्रॅसाठी ३१.२ मिली काढून रिकाम्या निर्जंतुक पिशवीत भरायचे. साध्या पॅक्लिटॅक्सेलसारखे ५०० मिली सलाईनमध्ये पुन्हा पातळ करायचे नसते. रिकामी पिशवी प्रत्येक दुकानात मिळत नाही, ती आधीच मागवून ठेवावी लागते. तिच्याऐवजी ५० मिलीची सिरिंज पंपावर लावण्याचा मोह होतो. पण आत सिलिकॉन तेलाचा हात असलेल्या सिरिंजमध्ये प्रथिनाचे तंतू धरू शकतात. असे तंतू दिसले तर ते औषध द्यायचे नाही.

त्या दिवशी घाई होती. सलाईन वडीवर सोडले गेले, अर्धी वायल फेसाने भरली आणि पंधरा मिनिटांऐवजी पाचच मिनिटांत द्रव ओढला गेला. फेसात अडकलेले औषध मोजमापात येत नाही, त्यामुळे ३१.२ मिली ओढल्यासारखे दिसते पण सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे असतात. फार्मासिस्टने ते पाहून सिरिंज उभी धरून थांबायला लावले, म्हणून हा भाग सावरला.

पुढचा सावरला नाही. सिस्टरने ‘पॅक्लिटॅक्सेल’ हे नाव वाचून नेहमीचा संच काढला: पीव्हीसी नसलेला सेट आणि त्यात ०.२२ मायक्रॉनची गाळणी. ड्रिप सुरू होऊन दहा-बारा मिनिटांत पंपाने अडथळ्याचा गजर दिला. हात तपासला, शीर ठीक होती. सलाईन जोराने ढकलून नळी मोकळी करण्याचा विचार पुढे आला आणि तो वेळीच अडवला गेला.

गाळणी का तुंबली हे समजून घेण्यासारखे आहे, कारण वरवरचा हिशेब उलट सांगतो. कण १३० नॅनोमीटरचे, म्हणजे ०.१३ मायक्रॉन. छिद्र ०.२२ मायक्रॉनचे. मग कण सहज जायला हवेत. पण १३० ही सरासरी आहे, त्याहून मोठे कणही द्रवात असतात. आणि मुख्य म्हणजे १५६ मिग्रॅ औषधाबरोबर सुमारे १.४ ग्रॅम प्रथिन त्याच छोट्या पडद्यातून जात असते. प्रथिन पडद्याला चिकटते, छिद्रे अरुंद होतात, मोठे कण तोंडाशी अडकतात आणि मागचे त्यांच्यावर चढतात. अमेरिकेतल्या लेबलनुसार (औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रानुसार) या औषधाला गाळणी लावायचीच नसते. युरोपातल्या लेबलात १५ मायक्रॉनची गाळणी असलेला सेट सांगितला आहे आणि त्याहून बारीक छिद्राची गाळणी तुंबू शकते असा इशारा दिला आहे.

गजर झाल्यावर केलेल्या गोष्टी बरोबर होत्या. ड्रिप थांबवली. गाळणीसह सेट काढून सायटोटॉक्सिक कचऱ्यात टाकला. पिशवीतला द्रव उजेडात धरून तंतू किंवा गोळे नाहीत ना ते पाहिले. औषध तयार केल्यापासून किती वेळ झाला ते तपासले. फ्रिजबाहेर, २५ अंशांच्या आसपास, पिशवी चार तास चालते आणि मुंबईच्या मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीला ही सवलत लागू होत नाही. मग गाळणी नसलेला साधा सेट सलाईनने भरून उरलेले औषध पूर्ण केले. गाळणीत किती औषध अडकले ते सांगता येत नव्हते. अशा वेळी अंदाजाने जादा औषध देऊ नये. थोडे कमी गेले तर आठवड्याने पुढचा डोस आहेच. जास्त गेले तर रक्तातल्या पेशी घटतात आणि ते मागे घेता येत नाही. फाइलमध्ये वेळ, पंपावर दिसलेले मिली आणि सेट बदलल्याची नोंद झाली.

आणखी एक बारकी गोष्ट, जी या वेळी नीट झाली पण बहुतेक ठिकाणी राहते. एकूण द्रवच ३१ मिली आहे आणि साध्या सेटच्या नळीत दहा-पंधरा मिली मावतो. पिशवी रिकामी झाली की सिस्टर सेट काढतात, तेव्हा १५ मिली नळीत उरले असेल तर ७५ मिग्रॅ, म्हणजे जवळपास निम्मा डोस कचऱ्यात जातो. म्हणून तीस मिनिटांची ड्रिप संपल्यावर त्याच वेगाने सलाईन सोडून नळी धुऊन घ्यायची.

त्यानंतर त्या विभागात चिठ्ठीवर ‘नॅब-पॅक्लिटॅक्सेल (अल्ब्युमिन), फुफ्फुस, १०० प्रति चौ. मी., गाळणी नको’ असा पूर्ण मजकूर लिहिणे सुरू झाले. ‘फुफ्फुस’ हा शब्द मुद्दाम आहे. स्तनाच्या कर्करोगात याच औषधाची मात्रा २६० असते, पण तीन आठवड्यांतून एकदा. तो आकडा दर आठवड्याच्या चिठ्ठीत शिरला तर जीव जाऊ शकतो. आपत्कालीन ट्रे मात्र नॅबच्या वेळीही तयार ठेवला जातो, कारण तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते पण येते.

पुढच्या सायकली

आठव्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १४०० आणि प्लेटलेट १,१२,००० होत्या, डोस दिला. इथे पुष्कळदा गोंधळ होतो. १५०० न्यूट्रोफिल आणि एक लाख प्लेटलेटची अट पहिल्या दिवसासाठी आहे. आठव्या आणि पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल ५०० च्या किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तरच थांबायचे. पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल ४३० निघाले, डोस गाळला. ताप नव्हता, बाविसाव्या दिवशी आकडा १७०० वर आला, म्हणून मात्रा कमी केली नाही. ताप आला असता किंवा पुढची सायकल सात दिवसांहून अधिक लांबली असती, तर मात्रा ७५ वर आणि कार्बोप्लॅटिन एयूसी ४.५ वर आणावे लागले असते. दुसऱ्या सायकलमध्येही पंधरावा दिवस हुकला, तेव्हा तिसरीपासून फक्त पहिला आणि आठवा दिवस ठेवला. हे लेबलमध्ये नाही. पण भांडुपहून लोकलने येऊन, रक्त देऊन, ‘आज नाही’ ऐकून परत जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते.

तिसऱ्या सायकलच्या शेवटी हिमोग्लोबिन १०.४ वरून ७.८ वर आले, एक पिशवी रक्त द्यावे लागले. चाचणीतल्या तीव्र रक्तक्षयाच्या २७ टक्क्यांचा अर्थ डे-केअरमध्ये असा दिसतो, आणि तो खर्च सुरुवातीलाच घरच्यांना सांगून ठेवावा. सरकारी योजनेतून उपचार होत असतील तर कोणते औषध पॅकेजमध्ये बसते ते आरोग्यमित्राकडून आधी तपासून घ्यावे.

बधिरता मोजायला यंत्र लागत नाही. शर्टाची बटणे लावता येतात का, चालताना चप्पल निसटली तर कळते का, फलाट आणि डब्यातली फट ओलांडताना पाय कुठे पडतो ते जाणवते का, हे तीन प्रश्न दर भेटीत विचारले. चौथ्या सायकलपर्यंत बटणे जमत होती, चप्पल एकदा निसटलेली कळली नाही. तीव्रतेच्या पायऱ्यांत हा दुसऱ्या पायरीच्या अलीकडचा त्रास होता, तिसरी पायरी आली असती तर औषध थांबवावे लागले असते.

मुलाने दोनदा विचारले, ‘आजार फुफ्फुसात आहे तर औषध वाफेतून का देत नाही?’ प्रश्न योग्य आहे आणि त्यावर काम चालू आहे. अडचण आकाराची आहे. श्वासावाटे खोल बसायला थेंब एक ते पाच मायक्रॉनचा लागतो. सुटा १०० नॅनोमीटरचा कण बराचसा उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून नॅनोकण मोठ्या थेंबात किंवा भुकटीत गुंफावे लागतात. लायपोसोममधले (चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले) अमिकासिन हे प्रतिजैविक अशा रीतीने २०१८ पासून अमेरिकेत मिळते. केमोचे औषध मात्र निरोगी फुफ्फुसालाही भाजते, गाठीने बंद केलेल्या श्वासनलिकेपलीकडे वाफ पोहोचत नाही आणि दुसऱ्या अवयवांत पसरलेल्या पेशींना तिचा उपयोग नाही. शिरेतून दिलेल्या नॅनो औषधांनाही सगळीकडे यश आलेले नाही: फुफ्फुसाच्याच लघुपेशी कर्करोगात लायपोसोममधल्या इरिनोटेकॅनने गाठी अधिक रुग्णांत लहान केल्या, पण टोपोटेकॅनच्या तुलनेत आयुष्य वाढले नाही. मुलाला हे सगळे सांगितले गेले. आज वाफेतून केमो विकणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका, हेही सांगितले.

चार सायकलींनंतरच्या सीटीत उजवीकडची गाठ ६.८ वरून ४.४ सेंमी, डावीकडची १.४ वरून ०.९. बेरीज ३५ टक्के कमी, म्हणजे आंशिक प्रतिसाद. थुंकीतले रक्त दुसऱ्या सायकलनंतर थांबले होते. उपचार सहा सायकलींपर्यंत न्यायचे ठरले.

पाचव्या सायकलच्या मध्येच गणपती येत होते आणि रुग्णाला गावी जायचे होते. आठव्या दिवसानंतरचा आठवडा न्यूट्रोफिल खाली जाण्याचा. म्हणून सायकल एक आठवडा पुढे ढकलली आणि चतुर्थी पहिल्या दिवसाआधी आली. सोबत चिपळूणच्या डॉक्टरांसाठी मराठीत चिठ्ठी दिली: औषधांची नावे, शेवटच्या डोसची तारीख, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). ताप ३८ अंशांवर गेला तर थांबू नये, त्याच तासात सीबीसी आणि शिरेतून प्रतिजैविक. नवा कोरडा खोकला किंवा धाप वाढली तर केवळ क्षय समजून गोळ्या सुरू करू नयेत, आधी एक्स-रे काढून मुंबईला फोन करावा, कारण या औषधाने क्वचित फुफ्फुसाला सूज येते. पॅक्लिटॅक्सेलचा कोणताही डोस तिकडे देऊ नये.